उज्ज्वलाचा डावा गुडघा

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा चालू, आवाज बंद, आणि कोणीतरी मागच्या आठवड्यात न झालेल्या कामाची कारणं सांगत होतं. उज्ज्वलाचा नवरा सहसा फोन करत नाही, म्हणून उचलला. तो म्हणाला, "उज्ज्वला गेली. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी." आणि मी म्हणाले, "ओके." तीस वर्षं या देशात नोकरी करून तोंडाला जे वळण लागलंय, त्यानं तो शब्द परस्पर काढला. मग "मी येते" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्क्रीनवरच्या नऊ चेहऱ्यांकडे बघत तशीच बसून राहिले. कोणीतरी विचारलं, "नीला, एनी अपडेट्स?" मी नाही म्हणून मान हलवली. तो 'ओके' मला अजून ऐकू येतो. प्रकाश मात्र म्हणतो, त्याला आठवतही नाही.

याला आता सात आठवडे झाले. अंत्यविधीच्या दिवशी फ्युनरल होममध्ये बसायला जागा उरली नव्हती. तिची मुलगी सई सिॲटलहून आली होती, ती बोलायला उभी राहिली. सईला मराठी समजतं, पण ती बोलते इंग्रजीतच. ती म्हणाली, "माय मॉम ट्रेन्ड थ्री इयर्स फॉर दॅट माउंटन. इन द एंड हर नी गेव्ह अप. शी नेव्हर डिड." सगळ्यांनी डोळे पुसले. माझ्या शेजारच्या मावशी कुजबुजल्या, "खरंच गं, त्या गुडघ्यानं दगा दिला बिचारीला." मी दुसऱ्या रांगेत स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते. कारण उज्ज्वलाच्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नव्हतं. त्या हॉलमध्ये हे दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक पुढे फुलांखाली झोपली होती.

हा लेख मी मुख्यतः तेवढंच सांगायला लिहिते आहे. उज्ज्वलाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि माझ्याहून चांगलं सांगणारे लोकही आहेत. पण मी थकले आहे. माणूस गेल्यावर थकवा येतो तसा आहेच, पण एक खोटं दोन वर्षं धरून बसल्याचा थकवा त्याहून मोठा आहे.

आमची ओळख एकवीस वर्षांची. आम्ही सांता क्लारात घर घेतलं त्या आठवड्यात दारावर टकटक झाली, आणि बारीक अंगाची, चष्मा कपाळावर ढकललेली एक बाई विचारू लागली, "तुमच्याकडे स्वयंपाकाचा वजनकाटा आहे का? माझा बिघडलाय आणि मी अर्ध्यात अडकलेय." काय करताय, विचारलं तर म्हणाली, दिवाळीच्या अनारशांची ट्रायल घेतेय. तेव्हा जुलै महिना होता. पुढे कळलं की बाईंची नोकरीच तशी होती. कॉम्प्युटरची चिप बाजारात जाण्याआधी तिला तापवायचं, गारठवायचं, हादरवायचं आणि ती कुठे मोडते ते बघून ठेवायचं. ऑफिसात जे करायची तेच घरी. इंडियाहून सासूबाई येणार म्हटल्यावर तिनं रिकामी व्हीलचेअर ढकलत विमानतळावर फेरी मारून वेळ मोजली होती. रंगीत तालीम झाल्याशिवाय त्या घरात सण येत नसे. प्रकाश हे सगळं चालू देत असे. तो अबोल माणूस. डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायचा, ती स्वयंपाकघरात याद्या घेऊन. भांडण नव्हतं, धुसफूसही नव्हती. पण इतक्या वर्षांत मी त्या दोघांना एका सोफ्यावर बसलेलं पाहिलं नाही.

डोंगराचं वेड तिला दातांच्या डॉक्टरकडे लागलं. रूट कॅनालच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्ही वेळा तोंड उघडं ठेवून ती समोरच्या भिंतीवरचा एकच फोटो बघत होती. दोन काळ्या शिखरांमधली खिंड, खाली गोठलेलं तळं आणि खिंडीत उभा असलेला टाचणीएवढा माणूस. तोंडातला कापूस काढल्याबरोबर तिनं विचारलं, हे कुठे आहे? इथेच, कॅलिफोर्नियात, सिएरा डोंगररांगेच्या पलीकडच्या बाजूला, डॉक्टर म्हणाली. बारा हजार फूट. त्या संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन उज्ज्वला माझ्याकडे आली. "नीला, आपण जाऊ या." मी हसले. माझी पन्नाशी उलटली होती, तिला छप्पन्न पूर्ण व्हायची होती, आणि आम्ही दोघींनी जन्मात डोंगर म्हणून जे चढलं होतं ते देवळाच्या पायऱ्यांइतकंच. "हसू नकोस," ती म्हणाली. "पाच दिवस, चार मुक्काम. परमिटची लॉटरी असते. नंबर लागेपर्यंत तयारी करू." नंबर लागायला तीन वर्षं गेली. ती तीन वर्षं मी आयुष्यात सगळ्यात जास्त चालले आणि सगळ्यात जास्त कुरकुरले.

आमच्या सपाट गावात चढण कुठे मिळणार? तिनं शोधून काढली. तिच्या जुन्या ऑफिसच्या पार्किंगची पाच मजल्यांची इमारत. शनिवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा पौंड तांदूळ आणि चार पौंड तूरडाळ, आणि आम्ही दोघी जिना वर-खाली, वीस वेळा. एकदा सिक्युरिटीवाला गाडीतून उतरून म्हणाला, "मॅम, आर यू लॉस्ट?" उज्ज्वला धापा टाकत म्हणाली, "नो. वुई आर गोइंग टू द माउंटन." त्यानं चौफेर नजर टाकली. डोंगर कुठेच नव्हता. पुढे तो आम्हांला हात करायचा. परतताना ती तांदूळ माझ्या स्वयंपाकघरात ओतून जायची, म्हणजे पुढच्या शनिवारी नवी पिशवी आणायचं निमित्त मिळायचं. श्रीकांत, माझा नवरा, म्हणायचा की आपल्या घरात हल्ली जे शिजतं ते आधी पाच मजले चढून आलेलं असतं.

मग जेवणाचं. तिकडे अस्वलं फिरतात, म्हणून सगळं खाणं एका जाड, गोल डब्यात बंद ठेवावं लागतं. त्याला आम्ही अस्वलडबा म्हणायचो. त्यात पाच दिवसांचं जेवण बसवायचं तर ते वाळवून न्यायला हवं. तिनं वाळवायचं यंत्र आणलं आणि पिठलं वाळवलं, वरण वाळवलं, मटकीची उसळ वाळवली. भिंतीचा रंग उडतो तशा पिवळ्या पापड्या निघाल्या. गरम पाणी घालून दहा मिनिटं झाकलं की पुन्हा पिठलं. पंधरा दिवस तिच्या गल्लीत लसणीचा वास होता, आणि दर रविवारी मला ते खायला बसवून ती वहीत लिहायची: मीठ कमी, पोट जड, नीला कुरकुरते. पण सगळ्यात कहर म्हणजे पाणी. उंचावर माणूस तहानेनं नाही, तहान न लागल्यानं मरतो, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. अर्ध्या तासाला पाणी, आणि लघवीचा रंग बघत राहायचं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात, बायका तिळगुळ वाटत असताना, ती पलीकडून मला हाक मारून म्हणाली, "नीला, आज रंग काय?" मी जमिनीत गडप व्हायचीच बाकी होते.

एका गोष्टीवर मात्र ती हसायची नाही. "आपल्या बायकांचा एकच मोठा प्रॉब्लेम आहे," ती म्हणायची. "काय होतंय विचारलं की आपण म्हणतो, काही नाही, मी बरी आहे. तापानं फणफणलेली असली तरी बरी आहे. वर तसं म्हणालीस तर तू मरशील आणि तुला उतरवताना मी मरेन. डोकं दुखलं की सांगायचं. दोघी खाली. वाद नाही." मी हो म्हणाले. हो म्हणणं मला फार सोपं जातं.

परमिट लागलं त्या वर्षी मार्चमध्ये श्रीकांतची बायपास झाली. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाला आणि दुपारी त्याच्या छातीची चिरफाड चालू होती. चार तास मी त्या वेटिंग रूममध्ये बसले होते. इथे सासर नाही, माहेर नाही. शेजारी उज्ज्वला होती आणि तिच्या हातात माझा हात होता. तिनं एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्या चार तासांत मी एक गोष्ट मनात कबूल करून बसले, आणि तिलाही सांगितली नाही. लग्नापासून मी हरतालिका धरत होते, पण चहा-फळं घेऊन, नावाला. त्या दिवशी मी म्हटलं, हा यातून उठला तर या वर्षी निर्जळ करीन, जुन्या बायका करायच्या तशी. पाण्याचा थेंब नाही. श्रीकांत उठला. आठवड्यात घरी आला, महिन्यात भाजी निवडायला लागला.

परमिटची तारीख आली ती सोमवारची, भाद्रपदातली. बरोबर गणेश चतुर्थी. मंडळाचे गणपती नेहमीप्रमाणे पुढच्या शनिवारी बसणार होते. आमच्याकडे देवसुद्धा वीकेंडला येतात. त्यामुळे त्याची कोणाला अडचण नव्हती. आदल्या दिवशी, रविवारी, हरतालिका होती, आणि उज्ज्वलाच्या यादीत त्या रविवारपुढे लिहिलं होतं: उंचीची सवय, साडेअकरा हजार फूट, चढून परत कॅम्पला. मी कॅलेंडर दोनदा तपासलं. व्यवसायानं मी सॉफ्टवेअर तपासते, चुका शोधायचा पगार घेते. माझा त्या उपासावर विश्वास होता का? खरं सांगते, नव्हता. पण तो मोडायची भीती होती. नाही धरला आणि श्रीकांतला काही झालं तर... ते 'तर' मला पुढे नेता येईना. तिला सांगितलं असतं तर तिनं तारीख बदलली असती, म्हणजे तीन वर्षांनी लागलेलं परमिट सोडलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही. मला वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

शनिवारी आम्ही साडेदहा हजारांवरच्या तळ्याकाठी, परमिट लागत नाही अशा जागी, तंबू ठोकला. रविवारी पहाटे मी तोंड धुवायला म्हणून काठावर गेले आणि मूठभर वाळूची पिंड केली. बेल नव्हता, पत्री नव्हती. काठावरचं चार पातींचं गवत वाहिलं. मनातल्या मनात श्रीकांतचं नाव घेतलं. मागे वळले तर उज्ज्वला तंबूतून डोकं काढून विचारत होती, "पाणी?" मी म्हणाले, "प्याले." पाठीवरच्या पिशवीतून एक नळी तोंडाजवळ येते, ती चोखली की पाणी येतं. त्या दिवशी मी ती नळी वीस वेळा तोंडात धरली आणि एकदाही ओढली नाही. नाश्त्याचा चहा झुडपात ओतला. ती दर अर्ध्या तासानं थांबायची, "पाणी? डोकं?" आणि मी म्हणायचे, "बरी आहे." किती सहज म्हणत होते मी!

दुपारी एकच्या सुमाराला त्या फोटोतली खिंड पहिल्यांदा दिसली. उज्ज्वला थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दातांवालीला फोटो पाठवते," म्हणाली. मी दगडावर बसले होते आणि मला ती खिंड दोन दिसत होती. मग मला ओकारी आली. पोटात काही नव्हतं, नुसती कळ. तिनं मला उभं केलं, दगडांमधून एक रेघ दाखवली आणि म्हणाली, यावरून सरळ चाल. मी तिसऱ्या पावलाला बाजूला पडले. तिनं माझी सॅक उघडली आणि पाण्याची पिशवी बाहेर काढली. सकाळी भरली होती तशीच होती, टम्म. ती पिशवीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "आज काय आहे, नीला?" मी सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं बाटलीत मीठ-साखर कालवली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पी." मी ओठ मिटले. मी खरंच ओठ मिटले, दोन डिग्र्या घेतलेल्या बाईनं. तेव्हा ती वाकून म्हणाली, "अगं, श्रीकांत तिकडे सांता क्लाराला बसून पोहे खातोय. पी." आणि मी प्याले. गेल्या आठवड्यात हे श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, त्या दिवशी मी उपमा केला होता. नंतर आतल्या खोलीत निघून गेला.

ती मला घेऊन उतरली. तळ्याकाठी तंबू गुंडाळला, एक सॅक पाठीवर, एक पोटावर, आणि माझा दंड धरून. पार्किंगमध्ये केलेली सगळी तयारी तिनं त्या दुपारी मला खाली आणण्यात खर्च केली. संध्याकाळी खालच्या गावात एका छोट्या दवाखान्यात मला सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर वर जायचं नाव काढू नका. मी उज्ज्वलाला म्हणाले, "तू जा. परमिट उद्याचं आहे, तू एकटी जाऊ शकतेस." ती खुर्चीत बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. "अस्वलडब्यात दोघींचं जेवण आहे," ती म्हणाली. एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

परतीच्या वाटेवर मी रडायला लागले. तिचं स्वप्न मोडलं म्हणून रडत होते असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी रडत होते ती लाजेनं. मंडळात सगळे विचारणार. इंजिनिअर बाई, बारा हजार फुटांवर निर्जळ हरतालिका. आणि श्रीकांत... त्याच्यासाठी मी मरायला निघाले होते हे त्या दुबळ्या छातीच्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणाले, "उज्ज्वला, कोणाला सांगू नकोस गं. पाया पडते." तिनं गाडी उजव्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाली, "माझा गुडघा."

"काय?"

"उतरताना माझा गुडघा दुखावला. डावा. लक्षात ठेव, डावा."

पुढच्या पेट्रोल पंपावर तिनं गाडी थांबवली आणि दुकानापर्यंत लंगडत जाऊन आली. तालीम. दाराशी येऊन विचारलं, "जास्त होतंय का?" मी हसले आणि रडले. तिनं माझ्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या.

मंडळाच्या गणपतीत ती छान लंगडली. लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं: एवढे जिने चढलात काकू आणि गुडघा! या वयात कशाला नसते उद्योग? ती हसत मोदक वाढत होती. प्रकाशनं तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एमआरआय झाला, त्यात वयोमानाप्रमाणे झीज दिसली, ती माझ्याही गुडघ्यात दिसेल. फिजिओथेरपी लिहून दिली. तीही तिनं इमानेइतबारे केली, आठवड्यातून दोनदा, रबरी पट्टा बांधून. मी एकदा म्हटलं, "बस कर आता, बरा झाला म्हणून सांग." ती म्हणाली, "होईल हळूहळू." मला वाटलं, खोटंसुद्धा हिला पूर्ण टेस्ट केल्याशिवाय सोडवत नाही. आणि मग मी तिला टाळायला लागले. तिला लंगडताना बघितलं की मला मी दिसायचे. शनिवारी कामं निघायला लागली, डेडलाइन, श्रीकांतची अपॉइंटमेंट. ती एकदाही का म्हणून विचारायला आली नाही. तांदळाची पिशवी मात्र दाराशी ठेवून जायची.

मार्चमध्ये तिनं जाहीर केलं की गुडघा आता ठीक आहे, आणि पुन्हा लॉटरीला नाव घातलं. दोघींचं. त्या वर्षी लागलं नाही, पुढच्या वर्षीसाठी पुन्हा घातलं. दरम्यान ती बारीक होत गेली. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. संक्रांतीला बायकांनी तिला घेरून विचारलं, काय खातेस, कुठलं डाएट? मी स्वतः म्हणाले, "तुझी तयारी दिसते हं!" ती म्हणाली, "भूकच लागत नाही गं हल्ली." आपल्यात बाई बारीक झाली की तिचं अभिनंदन करतात. आम्ही महिनाभर एका आजाराचं अभिनंदन करत होतो. फेब्रुवारीत निदान झालं, स्वादुपिंड, आणि फार पसरलेलं. परमिट त्यानंतर पंधरा दिवसांनी लागलं.

शेवटचं भेटले तेव्हा तिला खिडकीशी पलंग दिला होता. मी म्हणाले, "मला प्रकाशला सांगू दे. सगळ्यांना सांगू दे." ती डोळे मिटून होती. "मी गेल्यावर सांग," म्हणाली. "म्हणजे मला तुझं रडगाणं ऐकावं लागणार नाही." मग थोड्या वेळानं, "पण सांग हं..." त्यानंतर ती झोपली. मी हात धरून बसले. वेटिंग रूममध्ये ती बसली होती तशी मला काही बसता आलं नाही, मी सारखी घड्याळ बघत होते.

अंत्यविधी झाला, तेरावा झाला, आणि मी सांगितलं नाही. मागच्या रविवारी दुपारी प्रकाशनं बोलावलं. ट्रेकिंगचं सामान काढून ठेवलंय, काय हवं ते घेऊन जा. गॅरेजमध्ये तो उलट्या बादलीवर बसला होता आणि समोर तिचे बूट होते. "हे मी घेऊन दिले होते," तो म्हणाला. "वाढदिवसाला. दुकानातली बाई म्हणत होती अर्धा नंबर मोठा घ्या, उतरताना पाय पुढे सरकतो. मी म्हटलं नको, सैल होतील." त्यानं बूट उचलून पुन्हा ठेवला. "या बुटांनीच गुडघा गेला तिचा. नाहीतर जाऊन आली असती. तेवढं एकच मागत होती ती, नीला. मी अर्ध्या नंबरासाठी..."

मी गॅरेजच्या जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. वाळूची पिंड, न ओढलेली नळी, पेट्रोल पंप. तो रागावेल, मला घराबाहेर काढेल, यासाठी मी तयार होते. खरं तर तेच मला हवं होतं. संपल्यावर त्यानं विचारलं, "मग एमआरआय?" मी म्हणाले, वयाची झीज, ती सगळ्यांनाच असते. "फिजिओ?" ती तिनं उगाचच केली. त्यानं घराच्या दाराकडे बघितलं. "आणि तेल?"

कसलं तेल, मला माहीत नव्हतं. तो उठून घरात गेला, मी मागोमाग गेले. दिवाणखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीखालून त्यानं एक बाटली काढली, आयुर्वेदिक, इथल्याच इंडियन स्टोअरमधली, बाहेरून तेलकट झालेली, तळाशी बोटभर उरलेलं. आणि तो अबोल माणूस बोलायला लागला. त्या सप्टेंबरपासून मार्चपर्यंत, रोज संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी वीस मिनिटं तो तिचा गुडघा चोळत असे. फिजिओवालीनं सांगितलं नव्हतं, त्याच्याच मनात आलं होतं. पहिल्या दिवशी तिनं पाय आखडून घेतला, म्हणाली, नवऱ्यानं पायाला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी बसली. "तिच्या हातात यादी नसायची," तो म्हणाला. "माझ्याकडे लॅपटॉप नसायचा. चौतीस वर्षांत आम्ही असं कधी बोललो नव्हतो. काहीही बोलायचो. तिच्या शाळेतलं, माझ्या आईचं. मार्चमध्ये म्हणाली, बरा झाला आता. मला इतकं वाईट वाटलं, नीला... बायकोचा गुडघा बरा झाला म्हणून वाईट वाटलं. कोणाला सांगणार?"

मी उभीच होते. त्यानं मला विचारलं, "दुखत नव्हता म्हणतेस?"

"नाही."

"एक दिवसही नाही?"

"नाही रे."

तो खाली, खुर्चीसमोर, जमिनीवर बसला. तिथे गालिच्यावर त्याच्या बसण्याची जागा झिजलेली दिसत होती. त्यानं बाटली हातात फिरवली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"दुखत नव्हता," तो म्हणाला, "आणि तरी रोज सातला मोजे काढून बसायची."